गुडघे, पोटऱ्या आणि फडताळातली तेलाची बाटली : अंगदुखी-सांधेदुखीवरचे घरगुती उपाय (चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

सांजवात

यंदा आषाढीला मी पहिल्यांदाच आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पूर्ण पायी गेले. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट. पुण्याहून सासवडला जाणारा दिवे घाटाचा मोठा टप्पा उत्साहात पार पडला, पण दुसऱ्या दिवशी सासवडच्या मुक्कामात पोटऱ्या अशा काही धरल्या की उकिडवे बसणेही जमेना. दिंडीतल्या एका वयस्कर मावशींनी लसूण आणि ओवा घालून कढवलेले तिळाचे तेल पायांना चोळून दिले, कोमट पाण्यात मीठ टाकून त्यात पाय बुडवून बसवले, आणि पालखी हलली तेव्हा मी पुन्हा चालू लागले होते.

त्या तेलाची एक बाटली मी घरी आणली. आईचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि तिचे दोन्ही गुडघे गेली सहा वर्षे दुखतात. तीन आठवडे रोज रात्री तिला तेच तेल तशाच पद्धतीने लावले. तिला झोप बरी लागते, मात्र सकाळी पहिली वीस पावले टाकताना होणाऱ्या वेदनेत फरक नाही. एकच तेल मला दोन दिवसांत गुण देते आणि आईला देत नाही, असे का होत असावे? तसेच आपापल्या घरांत प्रत्यक्ष करून पाहिलेले उपाय प्रमाणासह आणि पथ्यासह लिहावेत, अशी विनंती आहे. जे उपाय फसले तेही अवश्य लिहावेत, कारण ते सहसा कुणी सांगत नाही.

तळटीप

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे आधी आपल्या प्रश्नाचे उत्तर देते. आपले दुखणे स्नायूंचे होते आणि आईंचे सांध्याचे आहे. सवय नसलेले श्रम झाले की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती वेदना साधारण बारा ते चोवीस तासांनी सुरू होते, एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि त्यानंतर आपोआप ओसरते. हे लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे होते असे अजूनही सर्रास सांगितले जाते, पण ते ॲसिड श्रम थांबल्यानंतर तासाभरात रक्तातून निघून गेलेले असते. थोडक्यात, मावशींनी तेल चोळले ते दुखणे उतरणीला लागण्याच्या सुमारास, आणि श्रेय तेलाच्या बाटलीला मिळाले.

याचा अर्थ चोळणे व्यर्थ होते असा मात्र नाही. कोपर दाराला आपटले की आपला हात आपसूक तिथे जातो आणि आपण ती जागा चोळू लागतो. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, अशी मांडणी मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली केली. पुढे तिच्या तपशिलात बरेच बदल झाले, तरी तिचा गाभा आजही उपयोगी पडतो. आईंना रात्री झोप लागते ती यामुळे, उबेमुळे, आणि लेक रोज अर्धा तास पायाशी बसते यामुळेही. हा लाभ मी कमी लेखणार नाही.

आईंच्या गुडघ्यात मात्र बहुधा कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजलेली आहे, आणि कोणतेही तेल त्वचेतून मुरून ती कूर्चा परत घडवत नाही. तिथे सर्वांत खात्रीचा घरगुती उपाय म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला बळकटी आणणे. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघ्याने ती खाली दाबावी, मनात पाच अंक मोजावेत आणि सोडावे. सुरुवातीला दहा वेळा, दिवसातून दोनदा पुरे. वजन जास्त असेल तर तेही पाहावे : एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे मोजमाप झालेले आहे.

खारा वारा

तळटीप यांचे म्हणणे पटते, तरी आमच्या कोकणातल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली निर्गुडी. आमच्या परसात कुंपणालाच आहे. ओंजळभर पाला तव्यावर थोड्या तेलात परतून, सुती फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी करायची आणि दुखऱ्या सांध्यावर शेकायचे. पाला निवला की पुन्हा तव्यावर. दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या पातेल्यात पाला उकळून त्या पाण्याने गुडघे शेकणे. पाल्याचा उग्र वास दोन दिवस घरातून जात नाही, याची तयारी ठेवावी. निर्गुडी मिळत नसेल तर जाडे मीठ किंवा स्वच्छ वाळू कढईत तापवून तिची पुरचुंडी करावी. वाळू ऊब बराच वेळ धरून ठेवते. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक शेकू नये.

दुसरी गोष्ट उंडीचे तेल. समुद्रकाठी उंडीची मोठी झाडे असतात. फळे वाळवून, फोडून, आतला गर घाण्यावर घालून तेल काढत. पूर्वी ते दिव्यांना वापरत आणि संधिवाताला वरून लावत. रंग हिरवट, वास तीव्र, आणि पोटात घेण्यासाठी ते मुळीच नाही. आजी म्हणायची की या तेलाने वारा पळतो. वारा पळाला की नाही हे मला ठाऊक नाही, पण लावल्यावर आजी मात्र गडग्यापर्यंत चालत जायची.

आता फसलेला उपाय. वडिलांना मधुमेह होता. थंडीत त्यांनी चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून तळपाय शेकले. पायाची संवेदना कमी झालेली असल्यामुळे वीट किती तापली आहे हे त्यांना समजलेच नाही. सकाळी मोठा फोड दिसला आणि ती जखम भरून यायला अडीच महिने लागले. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे की शेक देणाऱ्याने पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची, आणि मधुमेह असलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने तळपाय शेकायचे नाहीत.

रानवाट

विटेवरून बिब्बा आठवला. आमच्याकडे पूर्व विदर्भात टाच दुखली किंवा गुडघा धरला की जुनी माणसे बिब्बा सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरतात आणि त्यातून पाझरणारे तेल दुखऱ्या जागी टेकवतात. कृपा करून कुणीही हे करू नये. बिब्ब्याच्या टरफलातला काळा रस त्वचा जाळतो. काहींना एका थेंबाने अंगभर पुरळ येते, चेहरा सुजतो, आणि त्याला आमच्याकडे ‘बिब्बा उतला’ असे म्हणतात. माझ्या काकांना तो असा उतला की गुडघ्याचे दुखणे ते पार विसरले, आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी त्यालाच गुण आला असे मानले! बिब्ब्याच्या आतली गोडंबी आपण मसाल्यात आणि लाडवात घालतो, म्हणून सगळा बिब्बाच निरुपद्रवी आहे असा अनेकांचा समज होतो.

निरुपद्रवी उपाय म्हणाल तर मोहाच्या बियांचे तेल. थंडीत ते तुपासारखे थिजते, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करून घ्यावे लागते. मालिशीला उत्तम, बाकी त्यात जादू नाही. सातपुड्यात आणि आमच्या जंगलांत सालईची झाडे आहेत. तिचा डिंक धूप म्हणून जाळतात आणि वैद्यक त्यालाच शल्लकी म्हणते. त्याच्या अर्काच्या गोळ्यांवर गुडघेदुखीसाठी चाचण्या झाल्या असून काही रुग्णांना माफक आराम पडल्याचे दिसले आहे. मात्र धुपाचा खडा घरी कुटून खाणे आणि ठरावीक प्रमाणातला अर्क घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सांजवात

तळटीप, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. टॉवेलचा व्यायाम आईला सांगितला. ‘गुडघा दुखतो म्हणून बसले आहे आणि तू त्यालाच कामाला लावतेस’, असे उत्तर मिळाले. पोटातून घेण्याच्या उपायांबद्दलही कुणी लिहील का? शेजारच्या काकू रोज हळदीचे दूध, मेथीचे दाणे, सुंठीचा काढा, एरंडेल अशी यादी वाढवत आहेत आणि आई मोठ्या आनंदाने सगळे करायला तयार आहे.

फोडणी

स्वयंपाकघराचा भाग माझ्याकडे द्यावा. आधी आपल्या तेलाची कृती लिहिते, म्हणजे बाटली संपल्यावर अडचण नको. पाव लिटर तिळाच्या तेलात दहा-बारा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन चमचे ओवा आणि एक चमचा मेथी घालून अगदी मंद आचेवर ठेवावे. लसूण बदामी झाली की उतरवावे. काळी पडू दिली तर तेलाला करपट वास येतो. निवल्यावर गाळून, कोरड्या बाटलीत भरून महिन्याभरात संपवावे. तेल लावल्यावर पायात मोजे घातल्याशिवाय न्हाणीघरात जाऊ नये, आणि मोजे घसरणारे नसावेत. आमच्या सासूबाई तेलामुळे बऱ्या होण्याऐवजी तेलावरूनच घसरल्या होत्या. कच्च्या लसणाचा ठेचा गुडघ्यावर बांधून रात्रभर ठेवण्याचा सल्ला हल्ली मोबाईलवर फिरतो. त्याने त्वचा भाजते, म्हणून तो टाळावा.

आता हळद. हळकुंडात करक्युमिन, म्हणजे हळदीतले गुणकारी मानले जाणारे पिवळे द्रव्य, साधारण तीन टक्के असते आणि जे पोटात जाते त्यातलेही फारच थोडे रक्तात पोहोचते. मिरीतल्या पिपरीनमुळे ते शोषण पुष्कळ वाढते, म्हणून दुधात चिमूटभर मिरपूड आणि थोडे तूप घालण्याची पद्धत अगदीच निराधार नाही. पण कपभर हळदीच्या दुधाने सांधा सुधारेल इतकी मात्रा मिळत नाही. ते रात्रीचे गरम, सुखाचे पेय आहे, एवढे मानून प्यावे. मात्रा वाढवण्यासाठी तीव्र अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर तशा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. (अवांतर : जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या भारतीय वैज्ञानिक संशोधन संस्थेने लढून १९९७ साली रद्द करवले. ते सांध्यांबद्दल नव्हते, पण हळदीचा विषय निघाला की आमच्या घरी हा किस्सा होतोच.)

सुंठीचा थोडा उपयोग दिसतो, पण पित्त असलेल्यांना ती जळजळ देते. एरंडेल हे रेचक आहे. त्यातल्या रिसिनोलिक आम्लामुळे आतड्याचे आणि गर्भाशयाचेही स्नायू आकुंचन पावतात, त्यामुळे गरोदरपणात ते सर्वथा वर्ज्य आहे, आणि चौऱ्याहत्तरव्या वर्षी रोज एरंडेल घेऊन जुलाब ओढवून घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. एरंडाचे पान तेल लावून, किंचित गरम करून गुडघ्यावर बांधायचे असेल तर खुशाल बांधावे.

राहिले डिंकाचे आणि मेथीचे लाडू. डिंक गुडघ्यात जाऊन वंगणासारखे काम करतो, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहे. डिंक ही झाडापासून मिळणारी शर्करा आहे. तिचे पचन बहुतांशी मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे असते आणि ती गुडघ्यापर्यंत पोहोचत नाही. लाडू थंडीत एखादा खावा, कारण तो चांगला लागतो. रोज दोन खाल्ले तर तूप-गुळाने वजन वाढून तळटीप यांनी सांगितलेला एकाला चारचा हिशेब उलट्या दिशेने चालू होईल.

पायवाट

मी सह्याद्रीत गड चढतो, त्यामुळे माझे दुखणे सांजवात यांच्याच जातीचे, म्हणजे स्नायूंचे. चढण्यापेक्षा उतरण्याने मांड्या अधिक भरतात, कारण उतरताना स्नायू लांब होत असतानाच भार पेलत असतो. कळसूबाईच्या शिड्या उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरणे म्हणजे शिक्षा. त्यावर माझा उपाय एकच, दुसऱ्या दिवशी अर्धा तास सावकाश सपाटीवर चालणे. अंथरुणात पडून राहिलो की दुखणे एक दिवसाने लांबते, असा माझा अनुभव आहे.

मुरगळलेल्या घोट्याची गोष्ट वेगळी. तिथे सूज असताना चोळू नये आणि पहिले एक-दोन दिवस शेकूही नये. आमच्या आईचा आंबेहळद, तुरटी आणि रक्तबोळ उगाळून कोमट लेप देण्याचा रिवाज आहे. मी तो सूज उतरल्यानंतर मुक्या मारावर लावून घेतो. गूळ-चुन्याचा लेप मात्र एकदा लावला आणि चुन्याने कातडी सोलवटली, म्हणून तो कायमचा बंद केला. बर्फाबद्दलही आता पूर्वीइतके एकमत राहिलेले नाही. विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र १९७८ साली रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ साली लिहिले की बर्फामुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. वेदना असह्य असेल तर फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे लावण्याइतकाच मी बर्फ वापरतो.

बामविषयी दोन शब्द. बहुतेक बामांमध्ये कापूर, मेंथॉल आणि विंटरग्रीनचे तेल, म्हणजेच मिथाइल सॅलिसिलेट असते. हे ॲस्पिरिनचे भावंड आहे. ते त्वचेतून शोषले जाते, म्हणून वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी मुक्तहस्ताने बाम चोळू नये. विंटरग्रीनचे शुद्ध तेल लहान मुलांच्या हाती लागता कामा नये, कारण चमचाभर तेलही मुलाच्या जिवावर बेतू शकते. बाम लावून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर त्वचा भाजते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

मिरचीच्या मलमाबद्दल कुणी लिहिलेले नाही. त्यातले कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर काम करते. त्या टोकांवरचे उष्णता टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे मानकरी ठरले. मलम रोज काही आठवडे लावल्यावर ती टोके वेदनेचे संदेश कमी पाठवू लागतात. पण म्हणून घरी मिरच्या वाटून लावू नयेत. कॉलेजात असताना मी तेलात तिखट कालवून लावले होते आणि नंतर त्याच हाताने डोळा चोळला. पुढचे सांगत नाही.

साता समुद्रापार

इथे लंडनमध्ये अंग दुखले की प्रत्येक जण एप्सम सॉल्टचा सल्ला देतो. हे मॅग्नेशियम सल्फेट. त्याचे नाव लंडनच्या दक्षिणेला असलेल्या एप्सम या गावातल्या झऱ्यांवरून पडले आहे. त्वचेतून पुरेसे मॅग्नेशियम शरीरात जाते याला भक्कम आधार नाही. बरे वाटते ते कोमट पाण्याने. सासवडच्या मावशींच्या साध्या मिठाने तेच काम केले, आणि तेही फार स्वस्तात!

ओसरी

एक कटू अनुभव लिहिते. आमच्या आईला कुणीतरी ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून सांधेदुखीच्या पुड्या आणून दिल्या. पुडीवर ना घटकांची यादी, ना बनवणाऱ्याचे नाव. तिसऱ्या दिवशी आई जिना चढू लागली आणि आम्ही सगळ्या नातेवाइकांना त्या पुड्यांचा पत्ता दिला. तीन महिन्यांनी तिचा चेहरा गोल सुजल्यासारखा दिसू लागला, साखर अचानक वाढली, आणि साधे खरचटले तरी काळेनिळे पडू लागले. आमच्या डॉक्टरांनी पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असावे असे सांगितले. आम्ही घाबरून त्याच दिवशी पुड्या फेकायला निघालो, तेव्हा त्यांनी थांबवले. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यावर शरीर स्वतःचे तयार करणे कमी करते, त्यामुळे ते एकदम तोडले तर प्राणावर बेतू शकते. पुढे महिनाभर त्यांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवत न्यावी लागली. दोन-तीन दिवसांत चमत्कार करणारी पुडी दिसली की आता मला गुण दिसत नाही, आईचा तो चेहरा दिसतो.

ज्वारी

मी बार्शीचा. आमच्या गावाचे नाव चिकुनगुनियाच्या इतिहासात आहे, कारण १९७३ साली इथे त्याची साथ आली होती. त्यानंतर देशात तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा महाराष्ट्रभर पसरला. तेव्हाच्या साथीत माझ्या मनगटांचे आणि घोट्यांचे दुखणे आठ महिने राहिले. शेक, हलकी हालचाल आणि संयम एवढेच उपयोगी पडले. ताप आणि सांधेदुखी एकदम आली असेल तर घरगुती उपायांच्या मागे लागू नये. डेंग्यू नाही हे रक्ततपासणीत ठरेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत, कारण डेंग्यूत रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो.

तळटीप

ज्वारी यांच्या मुद्द्यात भर घालते. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, विशेषतः पायाचा अंगठा, तर वाढलेले युरिक ॲसिड किंवा सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. त्यावर तेल चोळत बसू नये. सकाळी बोटे अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ आखडलेली राहत असतील आणि दोन्ही हातांचे तेच सांधे सुजत असतील तर आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) तपासणी करावी, कारण तिथे लवकर सुरू केलेले औषध सांधा वाचवते. पोटरी एकाच पायाची सुजली आणि दुखू लागली तर मालिश मुळीच करू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. शिवाय नुसते अंगच दुखत असेल तर ड जीवनसत्त्व, थायरॉईड आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. आमच्याकडे महिनोन्‌महिने मालिश करून घेतलेले असे कितीतरी रुग्ण येतात, ज्यांचे मूळ कारण एका रक्ततपासणीत सापडते.

सांजवात

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. आईची तपासणी केली. ड जीवनसत्त्व खूपच कमी निघाले, त्याचे औषध सुरू झाले. एक्स-रेमध्ये झीज आहे, ती राहणारच. एरंडेल बंद केले, तेल चालू ठेवले, आणि काकूंची नाराजी अंगावर घेतली.

टॉवेलच्या व्यायामाला ती काही केल्या तयार होत नव्हती. शेवटी तिनेच मार्ग काढला. सकाळच्या जपाला आता ती मांडी न घालता भिंतीला टेकून, पाय पसरून बसते, गुडघ्याखाली गुंडाळी घेते आणि एका मण्याला एकदा गुडघा दाबते. पहिल्या वीस पावलांची आता सात-आठ झाली आहेत. अडचण एवढीच आहे की माळ अर्धी सोडायची नाही असा तिचा हट्ट असल्यामुळे १०८ वेळा दाबून होते आणि संध्याकाळी मांडी भरून येते. तळटीप, हे चालेल का?

तळटीप

जप पूर्ण होऊ द्यावा, दाबणे मात्र चौथ्या मण्याला एकदा ठेवावे. २७ वेळा होईल, तेवढे पुरेसे आहे. दोन आठवड्यांत मांडी भरून येणे थांबले की तिसऱ्या मण्यावर यावे.